चिंचोके

आजोळी पत्र्याचा एक डबा होता, त्यात चिंचोके असत. मोजून एक हजार. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून नानी ते मधूनमधून चुलीच्या उबेला पसरून ठेवी. आम्हा पोरांना त्यांना हात लावायची मनाई होती. ते पढण्याचे चिंचोके होते.

मामू आगबोटीवर होता. खाडीकाठच्या त्या गावात बहुतेक घरांतला एक तरी बाप्या दर्यावर असे. एका जुलैत मामूच्या बोटीची खबर येईनाशी झाली. दहा दिवस गेले, पंधरा गेले. मग नानीने मोहल्ल्यातल्या बायकांना निरोप धाडला: जुम्याला सकाळी आयते करीमा. पडवीत पांढरी चादर अंथरली, ऊद जाळला आणि डबा उपडा केला. एकदा पढायचं की एक चिंचोका इकडून तिकडे सरकवायचा. ढीग सरला की कागदावर एक रेघ. अशा १२५ रेघा झाल्या की १,२५,०००. कागद-पेन्सिल माझ्याकडे होती. मी दहा वर्षांची होते आणि हिशेबाला पक्की समजली जात होते.

आयते करीमा म्हणजे युनूस पैगंबरांची दुआ. कुराणच्या २१ व्या सुऱ्यात, अल-अंबियात, ती येते. रागावून निघून गेलेले युनूस माशाच्या पोटात जातात आणि तिथल्या काळोखातून अल्लाला हाक मारतात. भाष्यकार तीन काळोख मोजतात: रात्रीचा, पाण्याचा आणि माशाच्या पोटाचा. दर्यावरच्या माणसासाठी बायका दुसरी कुठली दुआ निवडणार!

पुढे कॉलेजात गेल्यावर मी मराठी भाषांतर वाचलं आणि चमकले. त्या दुएत मागणं नाहीच. मला बाहेर काढ, असं युनूस कुठेही म्हणत नाहीत. तो एकच आहे, निर्मळ आहे आणि चुकलो ते आपण, एवढीच कबुली. अय्यूब पैगंबरही आपल्याला पीडा झाली आहे हे सांगतात, अल्लाच्या दयेचं नाव घेतात आणि थांबतात. मदयनच्या पाणवठ्यावर परक्या मुलींच्या जनावरांना पाणी पाजून मूसा सावलीत येतात, तेव्हा तेही आपण गरजवंत आहोत इतकंच बोलतात. भाकर हवी की आसरा, ते त्याच्यावर सोडलेलं.

एवढं वाचल्यावर मला शिंगं फुटली. इशाची नमाज झाल्यावर नानी तसबी ओढत होती. ३३ वेळा सुभानल्ला, ३३ वेळा अलहम्दुलिल्ला, ३४ वेळा अल्लाहु अकबर. मी विचारलं, "नानी, हे सगळं पढतेस, त्याचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला?"

"बघ, गिनती चुकवलीस," ती म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

माझ्याकडे दारूगोळा पुष्कळ होता. सूरा माऊन जेमतेम सात आयतींचा, पण नमाजकडे बेपर्वा असलेल्या नमाज्यांना तो सोडत नाही. ११११ साली वारलेल्या गझालींनी नमाजमध्ये मन हजर हवं म्हणून पानंच्या पानं लिहिली. सव्वा लाखाच्या आकड्याला हदीसचा आधार नाही, असं कितीतरी आलिम सांगतात. आणि बाजारातल्या त्या पातळ पुस्तिका! नोकरीसाठी अमुक ४१ वेळा, लग्नासाठी तमुक ३१३ वेळा. जणू अल्ला म्हणजे कुलूप आणि आकडा म्हणजे किल्ली. या दुकानदारीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पण नानी त्या गिऱ्हाइकांतली नव्हती. तसबी गुंडाळून ठेवली की ती हात पसरी आणि आपल्या घरच्या बोलीत सुरू होई. गळणारी कौलं, दुखरा गुडघा, मामूचं न आलेलं पत्र. अरबी पढताना तिचा आवाज इस्त्री केल्यासारखा असे. इथे तो चुरगळायचा. चपलेचा बंद तुटला तरी अल्लाकडेच मागा, अशी एक हदीस आहे. नानीला ती ठाऊक होती की नाही कोण जाणे, पण मी माझ्या कानांनी ऐकलंय: "या अल्ला, ती लाल कोंबडी यंदा तरी अंड्यांवर नीट बसू दे."

फार उशिरा मी सूरा साफ्फातपाशी अडले. युनूस तसबी करणाऱ्यांतले नसते तर कयामतपर्यंत माशाच्या पोटातच राहिले असते, असं तिथे आहे. काही भाष्यकारांच्या मते ही तसबी त्या पोटातली नव्हे, आधीची. सुखाच्या दिवसांतली, रोजची, सवयीची. अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असलेली, असं मी म्हटलं असतं. पण पैगंबरांबद्दल तसं बोलू नये, माझ्याबद्दल बोलते.

तर त्या जुम्याला. पंचवीसेक बायका, ओठांची नुसती कुजबुज आणि चिंचोक्यांचा टकटक आवाज. ढीग भराभर सरत होता, तरी माझे पाय बधिर झाले होते, आणि मधेच केव्हातरी मी एक रेघ जास्त ओढली. दुपार कलायच्या आत पोस्टमन तार घेऊन आला. बोट एडनला लागली होती, मामू सुखरूप होता. मामी मोठ्याने रडली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कुणीतरी शरबत करायला उठलं.

नानीने माझ्याकडे कागद मागितला. ८४ रेघा होत्या.

"एक खोटी आहे," मी म्हटलं.

तिने ती बोटाला थुंकी लावून पुसली. उरल्या ४२. ती पुन्हा चादरीवर मांडी घालून बसली आणि ढिगातला एक चिंचोका सरकवला. मामी डोळे पुसत तिच्या शेजारी येऊन टेकली, मग एकेक करून बाकीच्याही. मी पेन्सिलीला टोक काढलं.