हिमोग्लोबिनची डायरी

शुगर तपासायच्या आधी चार दिवस आमचे बाबा अगदी साधुसंत असतात. चहा बिनसाखरेचा, भात बंद, गोळी वेळेवर, संध्याकाळी चालणं. आकडा बरा आला की घरी येताना अर्धा किलो जिलबी! वर आईला ऐकवायचं, "बघ, कंट्रोलमध्ये आहे."

मागच्या महिन्यात नव्या डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला सांगितली. आली ८.४ टक्के. बाबा म्हणाले, "लॅबवाल्यांनी घोळ घातलाय." मी सवयीप्रमाणे वाचत बसलो.

भानगड अशी आहे. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला असलेल्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतं. त्याला एन्झाइम लागत नाही. साखर जितकी जास्त, तितकं जास्त चिकटणार. आणि एकदा पक्कं चिकटलं की ती तांबडी पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, सुटत नाही. आमच्या धंद्यात सांगायचं तर ही लॉग फाइल आहे, फक्त एडिट करता न येणारी. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांनी मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन जगापुढे आणलं. (रक्तक्षय वगैरे असेल तर हा आकडाही फसवू शकतो, बरं का.)

पण माझी झोप उडाली ती पुढचं वाचून. तांबड्या पेशी निदान बदलल्या तरी जातात. डोळ्याच्या भिंगाच्या अगदी मधली प्रथिनं मात्र आपण जन्मायच्या आधीची, ती बदलतच नाहीत. तिथे झालेला बदल साठत जातो आणि मोतीबिंदूला हातभार लावतो. भाकरी तव्यावर तांबूस होते ती याच जातीच्या क्रियेने. शरीरात ती मंद आचेवर, वर्षानुवर्षं चालू असते.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझी किती आहे?"

मी कधी केलीच नव्हती. शनिवारी करून आलो. ६.१! साडेसहापासून मधुमेह धरतात. वय माझं ३८.

असो. सध्या रोज सकाळी आम्ही दोघं टेकडीवर जातो. पुढची टेस्ट तीन महिन्यांनी. तिच्याआधी चार दिवस साधू होऊन उपयोग नाही, हे आता दोघांनाही कळलंय.