परमुलखातील संचारबंदी

यात्रेला निघणाऱ्याची शिदोरी आपल्याकडे मोठ्या काळजीने बांधली जाते. ज्या देशी जावयाचे तेथील राज्याची घडी कशी आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. त्यातून नेपाळ तर आपणांस परदेश वाटतच नाही. व्हिसा नको, पाट्या देवनागरीत, आणि पशुपतिनाथ तर घरचेच दैवत!

सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही आठ जण काठमांडूत होतो. ४ तारखेस सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली होती. भ्रष्टाचाराने आधीच संतापलेली तरुण पिढी ८ तारखेस रस्त्यावर उतरली; गोळीबार झाला, आणि त्या एका दिवसात १९ जणांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, सिंहदरबार व संसद भवन पेटले, विमानतळ बंद झाला.

आमच्यात दोन तट पडले. मोटार करून सोनौलीची सरहद्द गाठावी, असे काहींचे म्हणणे. ठमेलमधील आमच्या निवासाच्या मालकीणबाई, ज्यांना सारे 'दिदी' म्हणत, एवढेच म्हणाल्या, "चार भिंती सोडू नका." ते आम्हांस पटले. अशा वेळी धोका असतो तो रस्त्यावर. खवळलेल्या जमावाला यात्रेकरू ओळखू येत नाही. आम्ही रस्त्याकडील खिडक्या लावून घेतल्या. धूर पाहावयास गच्चीवर जाणे आणि छायाचित्रे घेणे वर्ज्य ठरविले. दूतावासाचे क्रमांक प्रत्येकाने कागदावर उतरविले, कारण मोबाइल केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. मतदार ओळखपत्रे अंगावरच ठेवली. परतीच्या विमानास ते किंवा पासपोर्ट लागतो, आमच्या वयाच्या माणसांचे 'आधार' तेथे चालत नाही. शंभरांहून मोठ्या भारतीय नोटा तेव्हा तेथे चालत नसत. म्हणून सर्वांजवळची नेपाळी रोकड एकत्र केली.

दिदींचा मुलगा ८ तारखेच्या मोर्चात होता. तो सुखरूप परतला. त्याचा एक सोबती परतला नाही. तरी त्या माउलीने आम्हांस दोन्ही वेळा डाळभात वाढला. जेवताना आमच्यातील एक गृहस्थ "ही पोरे देश बुडविणार" असे बोलून गेले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केले.

१० तारखेस विमानतळ उघडला. तिकीट पक्के झाल्यावरच, १२ तारखेस, आम्ही निघालो. त्याच रात्री सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

वाचकहो, परक्या घरी आग लागली असता पाहुण्याने यजमानाचे ऐकावे आणि त्याच्या घरच्या कलहात मत देऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती नांदलेल्या आपणा मराठी मंडळींना हे का कोणी शिकवावे लागते?