खोल पाण्याची चतुःसीमा

आमच्या भागात समुद्राचा मासा म्हटलं की सुकट आणि बोंबील. आठवडी बाजारात एका कडेला, मिरची-मसाल्याच्या पालांपासून जरा लांब, पोत्यावर ढीग मांडून बायका बसलेल्या असतात. वास आधी पोचतो, बाई नंतर दिसते. हल्ली नांदेडला बर्फातली सुरमई, पापलेटही मिळतं म्हणा. पण खेड्यावर अजून बोंबीलच. बाकी सगळे मासे गोदावरीचे, मांजऱ्याचे नाहीतर तळ्याचे.

हे लिहायचं कारण माझी भाची. ती लातूरची, आणि शिकते मासे. लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, हे आपल्याकडेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं आहे ते. समुद्र तिथून चारशे किलोमीटरहून लांब. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात माशांची पदवी! मी थट्टा केली तर म्हणाली, "मामा, शेततळ्यात पण मासेच असतेत की." खरंय. तिथून शिकलेल्यांना तळी, मत्स्यबीज, खाद्य असली पोटापाण्याची कामं मिळतात. हिला मात्र वर्गीकरणाचं वेड लागलं, आणि त्यातही खोल समुद्रातल्या माशांचं.

आता दाजी, म्हणजे हिचे वडील, माळकरी. घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. सरकारी कॉलेज आहे, फी कमी आहे म्हणून पदवीपर्यंत त्यांनी डोळ्यांआड केलं. पण पुढे मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जाऊन हेच शिकायचं म्हणते म्हटल्यावर त्यांचं डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं, स्पर्धा परीक्षा दे, नोकरीला लाग. मला फोन आला, "तुमचं ऐकते ती. चार दिवस नांदेडला पाठवतो, समजावून सांगा."

ती आली. दुसऱ्या दिवशी बाजारातून पाव किलो सुके बोंबील घेऊन आली (माझ्याकडे तशी काही अट नाही) आणि त्यातला एक पाण्यात भिजत घातला. मला वाटलं कालवण करते. संध्याकाळी पाहतो तर माझ्या लिहायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तो फुगलेला बोंबील, हातात टाचणी आणि माझंच भिंग.

"काय करलालीस गं?"

"काटे मोजलाले."

पाठीवरच्या पराचे काटे ती टाचणीनं एकेक सुटा करून मोजत होती. बारा. मग परत मोजले, मग तिसऱ्यांदा. वहीत लिहिलं. मग पोटाखालच्या पराचे. मग नाकाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत लांबी. शेपटीचा पर त्यात धरायचा नाही, कारण तो तुटलेला, झिजलेला असू शकतो. मोजायचं ते शक्यतो डाव्या अंगाचं, सगळ्यांनी तसंच, म्हणजे दोन माणसांची मोजणी जुळवता येते. उजवी बाजू कापाकापीला ठेवायची. मी तासभर बसून राहिलो. समजावणं राहून गेलं.

तिच्या विषयात मला गोडी वाटायला माझं स्वतःचं कारण आहे. मी जन्मभर दस्त लिहिले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बसून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं. जमिनीच्या दस्तात एक भाग असतो, चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा गट. जमीन काळी आहे, सुपीक आहे, विहिरीला पाणी आहे, हे कितीही रंगवून लिहा, त्याचा उपयोग नाही. शेजारी कोण आणि हद्द कुठे, ते नीट लिहिलं की उद्या ज्यानं ती जमीन कधी पाहिलेली नाही असा माणूससुद्धा तिथे उभा राहून सांगेल, हीच ती.

नव्या माशाचं वर्णन म्हणजे जवळपास हेच. तो कसा दिसतो हे लांबलचक लिहावं लागतंच, पण जीव असतो तो दोन-चार वाक्यांत: जवळच्या भावकीतल्या अमक्या जातीपेक्षा याच्या पराचे काटे इतके जास्त, तमक्या जातीपेक्षा डोळा लहान, तिसरीला जबड्यावर दात आहेत आणि याला नाहीत. शेजाऱ्यांपासून वेगळं काढायचं. आणि मूळ दस्त म्हणजे एक ठरावीक मासा, बरणीत घालून संग्रहालयात ठेवलेला, नंबर लावलेला. नाव त्या एका माशाला बांधलेलं असतं. उद्या कुणी शंका काढली तर निकाल पुस्तक देत नाही, ती बरणी देते. हे सगळं छापून प्रसिद्ध व्हावं लागतं, त्याशिवाय नाव चालत नाही. २०१२ पासून नुसतं इंटरनेटवर प्रसिद्ध केलेलंही चालतं, पण त्याची आधी नोंदणी लागते. नोंदणीशिवाय काही खरं नाही, हे मला कुणी सांगायला नको!

खोल पाण्यातल्या माशांत अडचण अशी की तो हातात येईपर्यंत निम्मा ओळखू येईनासा झालेला असतो. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे हजार मीटरवर शंभर पट. तिथून मासा भराभर वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बटाट्यासारखे होतात. जाळ्यात घासून खवले गेलेले. रंग फॉर्मॅलिनमध्ये उडतो, म्हणून फोटो आधीच काढायचा. मांसाचा तुकडाही आधीच काढून अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. हल्ली तो डीएनए वाचतात, मणक्यांचा एक्स-रे काढतात. पण टाचणीनं काटे मोजणं सुटलेलं नाही.

भाचीच्या तोंडी सारखं एक नाव होतं, अल्कॉक. आल्फ्रेड अल्कॉक हा इंग्रज डॉक्टर. १८८८ ते १८९२ या काळात तो इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षणाच्या आगबोटीवर वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ अशा दोन्ही नात्यांनी होता. ही बोट आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली, लाकडाची, चाकाची. खरं काम समुद्राची खोली मोजून नकाशे करायचं. त्यातून वेळ मिळेल तेव्हा खोलात जाळं सोडायचं आणि जे येईल ते या डॉक्टरनं पाहायचं. शेकडो वाव खोलीवरचे मासे त्यानं वर काढले आणि कितीतरी जातींचं पहिलं वर्णन लिहिलं. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. १८९९ मध्ये तिथल्या खोल समुद्रातल्या माशांची वर्णनसूची काढली आणि १९०२ मध्ये प्रवासाचं पुस्तक. भाचीनं मला त्याच्या काळातल्या चित्रांच्या छापील प्रती दाखवल्या. एकेक खवला काढलेला. काढणारे ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल, दोघे बंगाली चित्रकार. जातीच्या नावापुढे अल्कॉक लागतो, पण लांबच्या देशात बसलेल्या माणसाला तो मासा ओळखू आला असेल तो निम्मा यांच्या हातामुळे, असं मला चित्रं पाहून वाटलं. दस्तावर सही मालकाची असते. लिहिणाऱ्याचं नाव खाली, बारीक अक्षरात.

या अल्कॉकनं १८९१ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या एका माशाचं वर्णन केलं, हार्पाडॉन स्क्वामोसस. हार्पाडॉन म्हणजे आपला बोंबीलच, आणि स्क्वामोसस म्हणजे खवल्यांचा. आपल्या बाजारातला बोंबील १८२२ मध्ये हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात नोंदला होता, तो हार्पाडॉन नेहेरियस. तो उथळ पाण्यात थव्यानं येतो, कोळी डोल जाळ्यात धरतात आणि बांबूच्या वलांडीवर वाळत घालतात. (देवणी तालुक्यात वलांडी नावाचं गाव आहे. संबंध काही नसेल, पण मला गंमत वाटली.) आणि त्याचा हा सख्खा चुलतभाऊ खोल पाण्यात. टेबलावरच्या भिजलेल्या बोंबलाकडे बोट करून ती म्हणाली, "मामा, याचा मोठा जबडा, सुयांसारखे आत वळलेले दात, लिबलिबीत अंग.. हे ध्यान उथळ पाण्यातल्या माशासारखं दिसतंय का तुम्हाला? खोलातल्या माशांच्याच भावकीतला आहे हा." तोवर मी बोंबलाकडे तसं कधी पाहिलंच नव्हतं. तळून खाल्ला होता.

गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूलाही अल्कॉकच्या बोटीनं जाळी टाकली होती. हे ऐकल्यावर मला बरं वाटलं, का ते सांगतो. नांदेडच्या घाटावरून पावसाळ्यात जे लाल-काळं पाणी जातं, त्यातली माती कुठे जाते हा माझा जुना प्रश्न. लातूरची मातीही मांजऱ्यातून शेवटी गोदावरीतच येते. २००६ मध्ये जॉइडेस रेझोल्यूशन नावाच्या जहाजानं गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून खोल पाण्याच्या तळातून गाळाचे लांब नमुने काढले. जहाज आलं होतं गोठलेला वायू शोधायला. पण त्या गाळाच्या थरांवरून पुढे २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की गेल्या हजारो वर्षांत आपला हा मुलूख टप्प्याटप्प्यानं कसा कोरडा होत गेला. म्हणजे आपल्या दुष्काळाचा रेकॉर्ड तिथे खाली पडलाय, आणि त्याच्यावरून हे मासे फिरतायत. मग समुद्राशी मराठवाड्याचा काय संबंध, असं दाजी म्हणतात त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं. दिलं नाही, ते वेगळं.

जगातली सगळ्यात गाजलेली ओळख पटवण्याची गोष्ट सीलाकँथची. डिसेंबर १९३८, दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन. तिथल्या लहानशा संग्रहालयात काम करणाऱ्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमरला मासेमारी बोटीच्या ढिगात एक निळसर, दीड मीटरचा, पायांसारखे पर असलेला मासा दिसला. तिनं ओळखलं एवढंच की हा माहितीतला नाही. बरणी नाही, बर्फ नाही, उन्हाळा. प्राध्यापक स्मिथला चित्र काढून पत्र पाठवलं. तो गावाबाहेर. उत्तर येईपर्यंत आतली आतडी टाकून देऊन मासा भुसा भरून ठेवावा लागला. ज्या माशाचा गट काही कोटी वर्षांपूर्वी संपला असं सगळे समजत होते, तो हा. १९३९ मध्ये स्मिथनं नाव दिलं लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द त्या बाईचा, दुसरा चालुम्ना नदीचा, जिच्या मुखासमोर तो सापडला. दुसरा मासा मिळायला १९५२ उजाडलं, तोही कोमोरो बेटांजवळ, आणि तिथले कोळी म्हणाले, हा होय, हा तर आमच्याकडे अधूनमधून लागतो!

भाचीला मात्र गाजलेल्या गोष्टींपेक्षा साध्या गोष्टीच जास्त आवडतात. भारताच्या नैऋत्येकडच्या खोल पाण्यातली एक छोटी मुशी २०१८ मध्ये नवी जात म्हणून नोंदली गेली, प्लॅनोनेसस इंडिकस. तिची सगळ्यात जवळची जात पाचच वर्षं आधी सोकोत्रा बेटाजवळच्या माशांवरून लिहिली गेली होती. वर्णन करणाऱ्या तिघांत एक आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संस्थेतले. केरळात खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी ट्रॉलर जातात, त्यांच्या जाळ्यात असं पुष्कळ काही येतं. कोळंबी विकली जाते, बाकीचं खताला नाहीतर कोंबड्यांच्या खाद्याला. तिचं म्हणणं, "त्या ढिगात कोण हाय, ते बघायला माणूस नको का?"

आणि घाईही आहे. खोलातल्या काही मुशींच्या यकृताच्या तेलाला भाव असतो. मालदीवमध्ये १९८० च्या सुमारास त्यांची मासेमारी सुरू झाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बसली, मासाच उरला नाही. या मुशी उशिरा वयात येतात, एका वेळी एखाददुसरं पिल्लू देतात. पहिल्या दहा वर्षांत आपण काय काढलं आणि किती जातींचं काढलं, हे लिहून ठेवलेलं नसेल तर नंतर काय गेलं हेही सांगता येत नाही. नोंद नसलेल्या जमिनीचं काय होतं ते मी कचेरीबाहेर बसून तीस वर्षं पाहिलंय.

चौथ्या दिवशी मीच तिला लातूरला सोडायला गेलो. जेवणं झाल्यावर दाजींनी विचारलं, समजावलं का? मी म्हटलं, "दाजी, ती मासे खायला नाही चालली, त्यांचे सातबारे लिहायला चालली." ते हसले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पण मारावं लागतंय ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचीकडे होतं, आणि तिनं ते सरळ दिलं. हो, नमुना म्हणून ठेवावा लागतो. पण बहुतेक वेळा तो दुसऱ्यांनी मारून टाकलेल्या ढिगातूनच उचललेला असतो. दाजी काही बोलले नाहीत. माळेवरून हात फिरवत बसले.

प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिनं भरलाय. फीचे पैसे आईनं दिले. दाजींनी अजून हो म्हटलेलं नाही. परवा फोनवर दुसरंच काहीतरी बोलता बोलता मला विचारत होते, वर्सोव्याच्या त्या वसतिगृहात माळकऱ्याच्या पोरीच्या जेवणाची सोय वेगळी होती का म्हणून.