हातातल्या वस्तूचं प्रवचन

मी कॅथलिक धर्मगुरू आहे आणि सेमिनारीतल्या मुलांना प्रवचन कसं करावं ते शिकवतो. पहिल्याच तासाला मी त्यांना येशूचे दाखले वाचायला लावतो आणि त्यात धर्मशास्त्राचे जड शब्द शोधायला सांगतो. फारसे सापडत नाहीत. सापडते ती पेरणी, मासळीचं जाळं, हरवलेलं नाणं, दिवा, पीठ. आणि पीठ तरी किती! खमिराच्या दाखल्यातली बाई तीन मापं पीठ मळते. आजच्या हिशेबाने त्याच्या भाकरी शंभरेक माणसांना सहज पुरतील. लग्नघरात कणीक तिंबलेल्या बाईला हा आकडा कळला की देवाच्या राज्याचा आवाकाही कळतो, वेगळं समजावावं लागत नाही.

आज तयार प्रवचनं मोबाइलवर मिळतात. शनिवारी रात्री उतरवून घ्यायची, रविवारी वाचायची. त्यांत चुकीचं काही नसतं. पण ती वसईत चालतात तशीच जर्मनीतही चालतात, आणि म्हणूनच कुठल्याच गावाच्या मनाला लागत नाहीत. खरं तर चर्चच्या वर्षातले बरेचसे दिवस आपल्याबरोबर एखादी वस्तू घेऊन येतात. ती लोकांच्या हातात आधीच असते. प्रवचन तिच्यापासून सुरू व्हावं, एवढंच मी शिकवतो.

राखेचा बुधवार घ्या. त्या दिवशी कपाळावर लावायची राख बाजारातून येत नाही. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, क्रुसामागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात. बुधवार जवळ आला की त्या परत मागवून जाळायच्या, राख गार झाली की चाळायची. तिच्यात पाणी घालताना हात आखडता लागतो, कारण ओली राख क्षारामुळे त्वचेला झोंबते, प्रसंगी भाजतेही. मुलांनी हे सगळं स्वतः करावं असा माझा आग्रह असतो. ज्या झावळीने येशूचा जयघोष केला तीच पुढच्या वर्षी माती होऊन कपाळावर येते, हे झावळ्या जाळताना ज्याला उमगलं त्याला प्रवचनासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

१ मे रोजी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन असतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये हाच दिवस कामगार संत योसेफ यांच्या स्मरणासाठी ठरवला. योसेफ सुतार. चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही, आहे ते फक्त काम. त्या दिवशी मी लोकांना आपापली हत्यारं वेदीपाशी आणायला सांगतो. रंधा येतो, पान्हा येतो, शिवणाची कात्री येते. एकदा धर्मग्रामातल्या एका गवंड्याने ओळंबा आणला. लोखंडी वजन, वर दोरी, दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा. मिस्सेनंतर मी तो हातात घेऊन चर्चच्या भिंतीला लावून पाहू लागलो. तो म्हणाला, “फादर, घाई नका करू. वाऱ्याने हलतोय. थांबला की मगच बघायचं, नाहीतर भिंत सरळ असून वाकडी दिसेल.”

आमोस संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात परमेश्वर ओळंबा हातात धरून भिंतीपाशी उभा दिसतो. त्याच्या न्यायावर मी अनेक भाष्यं वाचली होती. पण त्या न्यायात थांबून पाहणंही आहे, ते मला या गवंड्याकडून मिळालं. पुढच्या वर्षी १ मेचं प्रवचन मी त्याच्या शब्दांत केलं आणि ते त्याचे आहेत हे वेदीवरून सांगितलं.

संतांचे दिवससुद्धा असेच पाहावेत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. प्रवचनांत तो क्रूसच तेवढा येतो. पण ते आधी व्यापारी होते, जपानी भाषा त्यांना चांगली येत होती, आणि म्हणूनच फ्रान्सिस्कन मंडळींनी त्यांना दुभाषी म्हणून नेलं. पेढीवर बसणाऱ्या माणसाला त्यांच्या हौतात्म्याइतकंच हेही ऐकायला मिळायला हवं.

दिवाळीच्या आसपास येतो तो २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा स्मृतिदिन. सुमारे हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी आपल्या मठांत तो सुरू केला. आमच्याकडे आधी आठवडाभर दफनभूमीत गवत काढणं, चुना लावणं चालू असतं. मग झेंडू, शेवंती, मेणबत्त्या. मुंबई परिसरात जागा अपुरी असल्याने काही वर्षांनी कबर पुन्हा उघडावी लागते. त्याच जागेत दुसऱ्या घरचं माणूस येतं. नवऱ्याच्या अशाच कबरीवर एका आजींना मी फुलं मांडताना पाहिलं. अर्धी फुलं त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली होती. “ही त्या पोराची. त्याची आई परदेशात असते,” त्या म्हणाल्या. मुलाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. संतांचा समागम आम्ही श्रद्धा-अंगीकारात म्हणतो. त्याचा अर्थ मला कुणी विचारला तर मी या आजींची फुलं सांगतो.

माझ्या वाचकांत चर्चला जाणारे असतील, देवळात-कीर्तनाला जाणारेही असतील. माझी सर्वांना एक विनंती आहे. प्रवचन संपल्यावर “छान झालं” एवढं म्हणून निघू नका. बोलणाऱ्याला गाठा आणि तुमच्या कामात, घरात हात कसे चालतात, काय जपावं लागतं, ते त्याला सांगा. पुढचं प्रवचन त्याला त्यातूनच करायचं आहे.