मिसकीन कोण, भिकारी कोण?

उर्दूच्या तासाला 'मिसकीन' शब्द आला की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, म्हणजे मिस्कील का?" वर्ग हसतो. शब्द मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जकातीच्या हक्कदारांत फकिराच्या शेजारी मिसकीन येतो. हदीसमध्ये त्याची ओळख अशी दिली आहे, की दारोदार घासभर मागत फिरणारा तो मिसकीन नव्हे. ज्याचं भागत नाही, तरी जो हात पसरत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, तो मिसकीन.

आपल्या राज्याचा कायदा नेमका ह्याच माणसाला पकडतो. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा काढून वाचा. उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं किंवा थांबणं, की हा मागून जगत असावा असं वाटावं, तेही भीक मागणंच ठरतं. म्हणजे मागायलाच हवं असं नाही, तसं दिसलं तरी पुरे. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. चोराला निदान काहीतरी चोरावं लागतं!

बेटेगावहून बोईसर स्टेशनाकडे रात्री गेलं की बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं झोपलेली दिसतात. कुणी तारापूर एमआयडीसीत रोजंदारी करतो, कुणाला त्या दिवशी नाक्यावर काम मिळालेलं नसतं, काही नुसतेच म्हातारे. खोलीचं भाडं आणि डिपॉझिट रोजंदारीत बसत नाही. कायद्याच्या त्या व्याख्येत ह्यातला प्रत्येक जण बसतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी ह्या कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. सरकार अन्न-निवारा देऊ शकत नसेल तर मागणाऱ्याला गुन्हेगार कसं म्हणणार, हा त्यामागचा विचार. कायदा जन्मला आपल्याकडे, कलमं मोडली तिकडे. सरकारच्याच नागरी उपजीविका अभियानाचा निकष एक लाख शहरी लोकसंख्येमागे १०० जणांच्या निवाऱ्याचा होता. तो पाळला गेला असता तर पायऱ्यांवर एवढी गर्दी दिसली नसती.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर त्याच कायद्यातली एक फट उपयोगी आहे: न्यायालय समज देऊन, बंधपत्रावर माणसाला सोडू शकतं. पण त्याच्यासाठी "हा आमच्या ओळखीचा, कामावर जातो" असं सांगणारं कुणीतरी उभं राहावं लागतं.

आमच्या जमातीची रमजानच्या रेशनची यादी घरांच्या पत्त्यांवरून होते. पत्ताच नसलेल्यांसाठी वेगळं पान ठेवा, असं मी सुचवलं. सेक्रेटरी चाचा म्हणाले, "मास्तर, पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?" मी म्हटलं, "कुठली पायरी ते लिहा. आणि धर्म विचारू नका." आता शुक्रवारी इशाच्या नमाजनंतर दहावीची दोन मुलं घेऊन मी नावं लिहायला जातो. काही जण नाव सांगत नाहीत, पोलिसांसाठी लिहितोय असं त्यांना वाटतं.