उजेड कमी करायचं बटण

संपादकांनी दिलेला विषय होता ‘मुक्त सॉफ्टवेअर आणि सामान्य माणूस’. मी त्यातल्या एकाच बटणाबद्दल लिहिणार आहे. लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारं, सूर्याचं चित्र असलेलं ते बटण. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, जो भाग यंत्रातल्या फर्मवेअरशी, म्हणजे कारखान्यातूनच भरून आलेल्या सॉफ्टवेअरशी, बोलतो, त्यावर मी काम करते, आणि या बटणाइतकं मला दुसऱ्या कशानंही दमवलेलं नाही.

निमित्त आमच्या बेंगळुरूतल्या जयनगर फोर्थ ब्लॉकमधल्या एका काकूंचं. निवृत्त शिक्षिका, मूळच्या धारवाडच्या. लॅपटॉप विंडोज ७ च्या काळातला, पुढे विंडोज १० वर आणलेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ त्या यंत्रावर चढेना, म्हणून भाच्यानं लिनक्स मिंट घालून दिलं. बाकी सगळं चाललं. उजेडाचं बटण दाबलं की मात्र पडद्यावरची पट्टी सरके आणि उजेड होता तेवढाच राही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काकूंना प्रखर पडदा सोसत नव्हता. एसपी रोडवरच्या एका दुकानात त्यांना कीबोर्ड बदलायला सांगितलं. “अगं, लिनक्सवर हे चालतच नाही म्हणे,” काकू मला म्हणाल्या.

हे वाक्य मला लागतं. पट्टी सरकते आहे म्हणजे कीबोर्ड शाबूत आहे आणि लिनक्सला बटण कळलंही आहे. बटण दाबल्याची वर्दी एक छोटी नियंत्रक चिप फर्मवेअरला देते, फर्मवेअर कर्नलला, आणि कर्नल तिचा क्रमांक करतो: उजेड कमी असेल तर २२४, जास्त असेल तर २२५. तो ऐकून डेस्कटॉप नवा आकडा ठरवतो. बहुतेक पडद्यांमागचे एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. त्यातला चालू राहण्याचा वेळ घटला की डोळ्याला उजेड घटलेला दिसतो. घोळ आहे तो मधल्या टप्प्यात. हा आकडा एलईडीपर्यंत न्यायचा कोणी? फर्मवेअरमधल्या तयार आज्ञावलीनं, की ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरनं थेट? काही कंपन्यांचा स्वतःचा तिसरा मार्गही असतो. काकूंच्या यंत्रावर लिनक्सनं पहिला मार्ग धरला होता. फर्मवेअर आकडा निमूट घेत होतं आणि पुढे काहीच करत नव्हतं.

असं का व्हावं, हे सांगायला थोडं खोलात जावं लागेल. फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये मांडले. त्यांचं नाव एसीपीआय. त्यात फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला एक प्रश्न विचारू शकतं: तू विंडोज २००९ आहेस का? विंडोज २०१२ आहेस का? इथे २००९ म्हणजे विंडोज ७, २०१२ म्हणजे विंडोज ८. लिनक्स या सगळ्यांना ‘हो’ म्हणतो. आणि ‘तू लिनक्स आहेस का’ असं विचारलं, तर २००७ पासून त्याचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ आहे.

यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद चालतो. पुष्कळांना ही लाचारी वाटते. मला ती वाटत नाही. फर्मवेअरमध्ये ‘लिनक्स असेल तर’ म्हणून लिहिलेली वाट बहुतेक वेळा कोणी तपासलेलीच नसते. विंडोजची वाट निदान कारखान्यात एकदा तरी चालवून पाहिलेली असते. ज्या वाटेवर माणसं चालली आहेत तीच धरायची, असं हे साधं धोरण आहे. एसीपीआयचा फायदा लिनक्सला आयता मिळतो याबद्दल बिल गेट्स यांनी १९९९ मध्ये एका ईमेलमध्ये नाराजी व्यक्त केली होती. तो ईमेल पुढे मायक्रोसॉफ्टवरच्या आयोवातल्या खटल्यात उघड झाला आणि आजही प्रत्येक वादात पुढे केला जातो. मला मात्र यात कटापेक्षा आळस जास्त दिसतो. एकाच सिस्टिमवर तपासून यंत्र बाजारात आणणं स्वस्त पडतं, आणि त्याची किंमत काकूंचे डोळे मोजतात.

या धोरणाचाही काच होतोच. विंडोज ८ पासून उजेडाच्या शून्य ते शंभर अशा १०१ पायऱ्या आल्या आणि काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे गेलं. फर्मवेअरमधली जुनी आज्ञावली कागदोपत्री उरली, ती तपासणं बंद झालं. आम्ही मात्र विंडोज ८ असल्याचं सांगून वापरत होतो ती जुनीच आज्ञावली. २०१३ मध्ये कर्नलच्या ३.११ या आवृत्तीच्या वेळी थेट मार्ग धरून पाहिला, तर काही यंत्रांचा चालू असलेला उजेड बंद पडला आणि बदल मागे घ्यावा लागला. विंडोज ८ जाणणाऱ्या यंत्रांवर थेट मार्ग ठरून गेला तो त्यानंतरच. एका पडद्यासाठी दोन-तीन नियंत्रक दाखवायचे आणि निवड डेस्कटॉपवर सोडायची, ही जुनी खोडही कर्नलवर काम करणाऱ्या हान्स द गुडे यांनी मोठी उस्तवार करून मोडली. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून कर्नल स्वतः एकच निवडतो. त्या कामाइतकं नीटस काम मी क्वचितच वाचलं आहे.

काकूंचं यंत्र विंडोज ८ च्या आधीचं, म्हणून कर्नलनं नियमानुसार फर्मवेअरचा मार्ग निवडला. सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत मी ‘एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह’ एवढं घातलं आणि बटण चालू लागलं. उजेड कमी करणारी ॲप मिळतात, तीच का नाही वापरायची, असं भाच्यानं विचारलं. त्यातली बरीच ॲप फक्त चित्राचे रंग काळवंडवतात. मागचे दिवे तितकेच जळत राहतात आणि बॅटरीही तितकीच उतरते.

बेंगळुरूत या कामाला जुनी परंपरा आहे. अतुल चिटणीस ज्या पीसीक्वेस्टशी जोडलेले होते, त्या मासिकानं १९९६ मध्ये लिनक्सची सीडी घरोघर पोचवली. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली लिनक्स बेंगलोर ही परिषद पुढे फॉस डॉट इन झाली, आणि जयनगरपासून जवळच निम्हान्सच्या सभागृहातही भरली. नंतर तिचा भर वापरण्यावरून योगदानावर गेला: नुसतं घेऊ नका, काही परत द्या.

इथे परत द्यायचं ते इतकंच: कर्नलमध्ये हट्टी यंत्रांची एक यादी आहे, मॉडेलचं नाव आणि त्याच्यासाठी कोणता मार्ग. त्यातली बहुतेक प्रत्येक ओळ यंत्र हातात असलेल्या कोणाच्या तरी तक्रारीतून आली आहे. एक ओळ त्या यादीत गेली की त्या मॉडेलच्या सगळ्या मालकांचं बटण पुढच्या आवृत्तीत आपोआप चालतं. याचा मला अभिमान आहे. अशा प्रत्येक ओळीनं आपण उत्पादकाची चूक पोटात घालतो का, ही शंकाही आहे.

काकूंच्या मॉडेलची ओळ मी लिहून ठेवली आहे, पाठवलेली नाही. ती त्या नावाच्या प्रत्येक यंत्राला लागू होईल, आणि त्याच नावाखाली वेगळा पडदा, वेगळी फर्मवेअर आवृत्ती असलेली यंत्रंही विकली गेली आहेत. त्यांतल्या एखाद्यावर जुना मार्ग बिनतक्रार चालत असेल, तर २०१३ मध्ये झालं तेच मी तिथे करीन. तसं दुसरं यंत्र तपासायला मिळेपर्यंत ही ओळ माझ्याकडेच राहील.