जिभेसारखं पान

माझ्या लिहायच्या टेबलावर चंद्रपूरकडचा एक दगड असतो. करडा, तळहातावर मावेल एवढा. त्यावर एक पान उमटलं आहे. लांबट, मधोमध ठसठशीत शीर, आकार थेट जिभेचा. म्हणूनच त्याचं नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ. हे पान गळून २५ कोटींहून अधिक वर्षं झाली. पृथ्वीवर तेव्हा एकही पाखरू उडत नव्हतं.

या जिभेनं जी साक्ष दिली, ती ऐकायला माणसाला फार वेळ लागला. हेच पान दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे सापडत होतं. एवढे समुद्र झाडानं ओलांडले कसे? १९१२च्या जानेवारीत आल्फ्रेड वेगेनर या तरुण हवामानशास्त्रज्ञानं फ्रँकफुर्टमध्ये सांगितलं, की झाड कुठे गेलंच नाही, त्याच्या पायाखालची जमीन गेली. सारे खंड एकेकाळी एकसंध होते.

त्याच्या पुढच्याच महिन्यात दक्षिण ध्रुवावरून परतणारे कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बिअर्डमोर हिमनदीच्या काठी दगड वेचत होते. अंगातलं त्राण सरत आलं होतं, तरी सुमारे १६ किलो दगड त्यांनी शेवटच्या मुक्कामापर्यंत ओढत नेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबूत तिघांचे देह मिळाले आणि जवळच ते दगड. त्यांत हे पान होतं. हे वाचल्यापासून माझ्या टेबलावरचा दगड मला हलका वाटत नाही.

वेगेनरना खंड हलवणारं बळ दाखवता आलं नाही. १९३०मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातच ते वारले. समुद्रतळ मधोमध फाटतो, आतून नवा खडक वर येतो आणि दोन्ही काठ दूर सरतात, हे पटायला १९६०चं दशक उजाडलं.

ग्लॉसोप्टेरिसची झाडं ज्या दक्षिणेकडच्या विशाल भूमीवर वाढली, तिला नाव मिळालं गोंडवनाचं, गोंडांच्या मुलखाचं. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. तिचा परकोट अजून उभा आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फाखालची भूमीही आज याच नावानं आपलं कूळ सांगते.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन फुटू लागलं. पुढे मादागास्करही मागे राहिलं आणि आपली भूमी एकटी उत्तरेला निघाली. वाटेत तिच्या पोटातून लाव्हा उसळला. सह्याद्रीचे काळे कडे ही त्याचीच थरावर थर रचलेली आठवण. मग मधला टेथिस समुद्र मिटत गेला, आशिया भेटला, हिमालय उठला. तो रेटा अजून थांबलेला नाही. वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर आपण सरकतोच आहोत.

ग्लॉसोप्टेरिसच्या रानांचा पाचोळा दलदलीत दबून कोळसा झाला. चंद्रपूरच्या वीज केंद्रात तो रोज जळतो. रात्री दिवा लावून मी दगड उजेडात धरते, तेव्हा त्या उजेडातही कुठेतरी तेच रान असतं.

भिंगातून पाहिलं, की पानाच्या बारीक शिरा दिसतात. मधल्या शिरेपासून त्या फुटतात, कडेकडे निघतात आणि जाता जाता पुन्हा पुन्हा एकमेकींना मिळतात. बोट मी त्या जाळीवरून हळूच फिरवते. कडेपर्यंत एकही शीर एकटी जात नाही.